चिंच, मीठ आणि शिवराई

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एका मित्राने टाकलेला फोटो आठवत असेल. जुना वाडा पाडून नव्या घराचा पाया खणताना मिळालेली सात नाणी, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली. मातीने माखलेली, हिरवट-काळी. खाली प्रश्न होता, "ही साफ कशी करायची?" दहा मिनिटांत वीसेक उत्तरं आली. लिंबू. व्हिनेगर. चिंच आणि मीठ. टोमॅटो केचप. तांब्या-पितळेची पावडर आणि काथ्या. रात्रभर काळ्या थंड पेयात बुडवून ठेव. टूथपेस्ट सुचवणाराही एक निघालाच.

मी एवढंच लिहिलं, "थांब, काहीच करू नकोस. फोन करते." त्यावर हसरे चेहरे आले आणि एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, तू कॉम्प्युटरवाली, तुला काय कळतं नाण्यांतलं?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं आणि त्यात माझी एक जुनी कबुलीही होती. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, की ती इथेच द्यायची.

सातवीत इतिहासाच्या सरांनी वर्गात शिवराई आणली होती, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असणार. रुमालात गुंडाळलेलं एक तांब्याचं नाणं, जाडजूड, कडेला वेडंवाकडं, गडद तपकिरी. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ते फिरलं. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपती". निदान असायला हवं ते असं. प्रत्यक्षात "राजा" हा शब्द नाणं खिडकीकडे तिरकं धरलं तरच दिसायचा. सरांनी आम्हाला ते तसं धरायला शिकवलं होतं. "उजेड वरून घेऊ नका, कडेने घ्या." मग प्रत्येकाने वहीचं पान नाण्यावर ठेवून पेन्सिल आडवी फिरवून त्याचा ठसा काढला. दोन तास त्यातच गेले. तास संपल्याची घंटा झाली तरी सर काही बोलले नाहीत, ही त्या दिवसाची दुसरी नवलाची गोष्ट.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात इतिहासाचं छोटं प्रदर्शन होतं आणि मांडणी माझ्याकडे होती. सरांनी आदल्या दिवशी नाणं माझ्या हातात दिलं. "नीट सांभाळ." मी ते घरी नेलं. संध्याकाळी आई देवाची भांडी घासत होती. चिंचेचा कोळ, मीठ, शेवटी रांगोळीचा हात. समया लखलखत होत्या. त्यांच्या शेजारी सरांचं नाणं मला फारच मळकट दिसलं. प्रदर्शनाला एवढी माणसं येणार, आणि महाराजांचं नाणं असं?

मी ते तासभर घासलं. आधी हिरवं पाणी आलं, मग तपकिरी, मग नाणं गुलाबी झालं, नव्या तांब्याच्या कळशीसारखं. मला इतका आनंद झाला, की रात्री ते उशाशी घेऊन झोपले. सकाळी लाल मखमलीवर ठेवलं. सर आले, वाकून बघितलं, खिडकीकडे तिरकं धरलं, परत सरळ केलं, परत तिरकं धरलं. मग म्हणाले, "चमकतंय हो छान." आणि पुढच्या तक्त्याकडे गेले.

दहावीच्या निरोपसमारंभानंतर सरांनी ते नाणं मला दिलं. "हे तुझ्याकडेच राहू दे." मी ते बक्षीस समजले. बक्षीसच असेल, कदाचित. त्यात दुसरंही काही असू शकतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

ती कळण्याची जागा इंग्लंडमध्ये होती. कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं ब्रिस्टॉलला होते. आमच्या टीममधला एक टेस्टर दर रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालायचा. आपल्याकडे हा छंद नाही, तिकडे मात्र हजारो लोकांना आहे. लांब दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी तारेची गुंडाळी असते. तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि त्यांची चाहूल यंत्राला लागून कानातल्या हेडफोनवर आवाज येतो. शेतकऱ्याची परवानगी आधी काढायची, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून वर गवताचं ढेकूळ जसंच्या तसं बसवायचं, असे त्यांचे नियम असतात. एकदा मी हौसेने त्याच्याबरोबर गेले. चार तासांत आम्हाला मिळालं ते असं: कोटाची तीन बटणं, काडतुसाचं टोपण, शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक पेनी. पेनी माझ्या हातात आली तशी मी अंगठ्याला थुंकी लावून राणीचा चेहरा पुसायला गेले. त्याने माझं मनगटच धरलं. एरवी अत्यंत सभ्य माणूस. "चोळू नकोस," म्हणाला. "मातीत वाळूचे कण असतात. तू आत्ता तिच्या नाकावर सँडपेपर फिरवते आहेस."

पुढच्या सुट्टीत त्याच्याच सांगण्यावरून मी टाँटनचं सॉमरसेट संग्रहालय बघायला गेले. तिथे फ्रोमचा ठेवा आहे.

त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण मित्राच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प नावाच्या माणसाला सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळच्या शेतात डिटेक्टरवर एक विचित्र आवाज आला. हा गृहस्थ रुग्णालयात स्वयंपाकी होता. फूटभर खणल्यावर चिखलात एक लहान रोमन नाणं लागलं, मग आणखी काही, आणि मग मडक्याचा काठ. हात घातला असता तर मूठभर नाणी तिथल्या तिथे वर आली असती. क्रिस्पने खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळवलं.

मला या गोष्टीत सगळ्यात अवघड वाटतो तो हाच क्षण. खाली नाण्यांनी भरलेलं मडकं आहे हे माहीत असताना वर माती ढकलायची आणि घरी जायचं. तिकडे १९९६ चा खजिना कायदा आहे, चौदा दिवसांत कळवावं लागतं, बाजारभावाने मोबदलाही मिळतो, हे सगळं खरं. तरी त्या रात्री त्याला झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

मग पुरातत्त्वज्ञ आले. मडकं आधीच तडकलेलं होतं, त्यामुळे ते अख्खं उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी जागेवरच, वरून खाली, थराथराने नाणी काढली आणि प्रत्येक थराच्या वेगळ्या पिशव्या केल्या. पिशवीवर थराची खूण. या कामाला तीन दिवस लागले. एकूण ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो, जवळपास सगळी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती धुऊन वाळवायलाच कित्येक आठवडे गेले. तेही चमकवण्यासाठी धुतली नव्हती. ओलसर चिखलातून बाहेर आलेला तांब्याचा मिश्रधातू हवा लागताच नव्याने गंजू लागतो, तो थांबवायचा आणि कोणतं नाणं कोणत्या सम्राटाचं एवढं वाचता यावं, इतपतच ती धुतली.

आता पिशव्यांची गंमत. या ठेव्यात कॅरॉसियस नावाच्या सेनानीची सातशेहून जास्त नाणी होती. हा इसवी सन २८६ मध्ये रोमविरुद्ध बंड करून ब्रिटनचा सम्राट म्हणवू लागला. ठेव्यातली ती सर्वांत अलीकडची नाणी. एखादं कुटुंब वर्षानुवर्षं बचत टाकत आलं असेल तर सर्वांत नवी नाणी सर्वांत वर असायला हवीत, कणगीत यंदाचं धान्य वर असतं तशी. इथे ती बहुतेक मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे सगळी नाणी एकाच वेळी ओतली गेली. शिवाय मडकं इतक्या पातळ कडांचं, की १६० किलो भरून ते उचलणं अशक्य. आधी खड्ड्यात रिकामं मडकं बसवलं आणि मग भरलं. परत काढायचं असेल तर असं कोण ठेवेल? म्हणून हा ठेवा म्हणजे संकटकाळी पुरलेलं धन नसून देवाला वाहिलेलं काही असावं, असं मत तिथल्या नाणेशास्त्रज्ञांनी मांडलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. पण हा वाद घालता येतो तो त्या पिशव्यांमुळे. सगळी नाणी बादलीत घालून एकदम खंगाळली असती तर आपल्याकडे फक्त ५२,५०३ नाणी असती.

काचेआड तो ढीग बघताना मला आधी निराशाच वाटली. मला वाटलं होतं चमचमाट असेल. सगळं राखाडी, तपकिरी, मातकट हिरवं. शेजारच्या फलकावर मी वाचत राहिले आणि हळूहळू माझ्या पोटात गोळा आला. सरांचं "चमकतंय हो छान" तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

नाणं मातीत असताना त्याचं काय होतं? आपण समजतो, आत मूळ नाणं आहे आणि वर घाण बसली आहे. घाण काढली की नाणं मिळालं. बादलीच्या तळाला बसलेल्या चुन्याबाबत हे खरं आहे. तांब्याच्या नाण्याबाबत खरं नाही. तांबं हळूहळू बाहेरच्या बाजूला झिरपतं आणि ऑक्सिजन, पाणी, कर्बवायू यांच्याशी मिळून त्याचे थर बनतात. धातूला लागून तांबूस, त्याच्यावर हिरवा. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे टांकसाळीत ठोकलेली अक्षरं ज्या पातळीवर होती ती पातळी, बऱ्याचदा या थरांच्या आत राहिलेली असते. अक्षरांची उंची ती किती, मिलिमीटरचे काही दशांश. जुन्या नाण्यावरचं अक्षर अनेकदा धातूचं उरलेलंच नसतं, ते गंजाचं असतं. आम्लाने गंज विरघळवला की अक्षर विरघळतं. खाली उरतो तो खडबडीत, गुलाबी, मुका धातू.

फ्रोमच्या नाण्यांसारख्या रोमन नाण्यांत आणखी एक अडचण असते. तिसऱ्या शतकात साम्राज्याची तिजोरी आटत गेली, तसतसं नाण्यातल्या चांदीचं प्रमाण घसरून अखेर जेमतेम दोन-चार टक्क्यांवर आलं. मग नाणं चांदीचं दिसावं म्हणून पृष्ठभागावर चांदीचा अगदी पातळ मुलामा यायचा. तो आज कुठे कुठे शिल्लक असतो. सरकारने केलेल्या त्या लबाडीचा पुरावा लिंबाच्या एका फोडीने जातो.

चिंच आणि मीठ ही जोडी तर सर्वांत वाईट. चिंचेतलं टार्टारिक आम्ल थर खातं आणि मिठातलं क्लोराइड खड्ड्याखड्ड्यांत जाऊन बसतं. त्याचा तांब्याशी संयोग होऊन जे तयार होतं ते ओलावा आणि हवा मिळताच पुन्हा आम्ल बनवतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला चालवत राहतं. बाहेरून खूण एकच, फिकट हिरवी भुकटी, नखाने सहज निघणारी. संवर्धक याला कांस्यरोग म्हणतात. तांब्याच्या घागरीला काही होत नाही, कारण ती जाड असते, रोज धुतली-पुसली जाते आणि तिच्या पृष्ठभागावर वाचण्यासारखं काही लिहिलेलं नसतं. आपल्या आया-आज्यांचं शास्त्र घागरीसाठी बरोबरच होतं. मी ते चुकीच्या ठिकाणी लावलं.

मग साफ करायचंच नाही का? करायचं, पण का करतोय हे आधी ठरवून, आणि सर्वांत कमी जोराने. सोनं गंजत नाही, त्यावरची माती ऊर्ध्वपातित पाण्याने धुता येते, फक्त चोळायचं नाही. स्टॅफर्डशायरमध्ये २००९ साली सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याच्या ठेव्यावरची माती संवर्धकांनी सूक्ष्मदर्शकाखाली झुडपांच्या काट्यांनी काढली. स्टीलची सुई सोन्यावर ओरखडा काढते, काटा स्वतः मोडतो. तांब्याच्या नाण्यावर सूक्ष्मदर्शकाखाली धारदार पात्याने थर एकेक करून उतरवतात आणि मूळ पृष्ठभागाशी थांबतात. कुठे थांबायचं ते कळणं हीच विद्या. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने भिजवणं किंवा बॅटरी जोडून विजेने गंज काढणं, हे संग्राहकांचे आवडते उद्योग. माझ्या त्या टेस्टरने दोन्ही करून पाहिले होते. तेल हळूहळू स्वतःच आंबट होतं, आणि विजेने तर अक्षरांसकट सगळं सोलून निघतं. त्याच्या टेबलाच्या खणात अशी सोललेली पाच-सहा रोमन नाणी होती, स्वतःला आठवण म्हणून ठेवलेली.

मला, माझ्या धंद्यामुळे, सर्वांत आवडलेलं काम मात्र जर्सी बेटावरचं. २०१२ साली तिथे दोन छांदिष्टांना तीस वर्षांच्या शोधानंतर केल्टिक नाण्यांचा एकसंध गोळा सापडला. जवळपास सत्तर हजार नाणी गंजाने एकमेकांना चिकटलेली, वजन पाऊण टन. त्यांनीही वरची थोडी नाणी हाती लागताच खणणं थांबवलं. अख्खा गोळा मातीसकट उचलून प्रयोगशाळेत नेला. तिथे कारखान्यात यंत्राचे भाग मोजायला वापरतात तसला लेझरचा हात आणला, आणि नाणं गोळ्यातून सुटं करण्याआधी त्याची तिन्ही अक्षांवरची जागा नोंदवली. आधी नोंद, मग सुटं करणं, मग धुणं. जवळपास तीन वर्षं हे चाललं होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सर्व्हर बंद पडला की नवशिका पोरगा आधी तो पुन्हा चालू करतो, कारण साहेबांना स्क्रीन हिरवी दिसायला हवी असते. आणि बंद का पडला हे सांगणारी सगळी खूण त्यात पुसली जाते. मी नव्या मुलांना यावरून किती बोलते ते माझी टीम सांगेल. त्यांना सातवीतल्या नाण्याचं मी कधी सांगितलेलं नाही.

आपल्या इतिहासात पृष्ठभागाचं मोल सांगणारं सर्वांत मोठं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं आहे. १९०६ साली तिथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री सांगते, की तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला. आईने मुलाचं कौतुक केलं, असं म्हणून कोणी ते सोडूनही दिलं असतं. जोगळटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. ती साक्ष म्हणजे एका ठशाखाली अर्धवट दबलेला दुसरा ठसा. सापडल्या सापडल्या कोणी ही नाणी राखेने घासून लखलखीत केली असती, तर पहिला बळी त्या खालच्या पुसट चेहऱ्याचा गेला असता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या आजोळी देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी दोन जुनी नाणी आहेत. किती पिढ्या ती पंचामृताने न्हायली आणि लक्ष्मीपूजनाला चिंचेने उजळली, कोण जाणे. आता दोन गुळगुळीत चकत्या उरल्या आहेत. मी टाँटनहून परतल्यावर मामीला मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, की यापुढे यांना चिंच लावू नका. मामी म्हणाली, "बरं. मग देवाला पारोसं ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मला वाटतं मामीचंच बरोबर आहे. ती नाणी हरवलेली नाहीत, त्यांचं आयुष्य अजून चालू आहे, आणि झिजणं हा त्या आयुष्याचाच भाग आहे. जमिनीतून आलेल्या नाण्याचं तसं नाही. ते थांबलेलं असतं, ज्या दिवशी पुरलं किंवा पडलं त्या दिवसाशी. त्याच्यावरची माती त्या दिवसाची असते.

मित्राला मी फोनवर हेच सांगितलं, जरा कमी शब्दांत. धुऊ नकोस, सुटी करू नकोस, प्रत्येकाला वेगळी कागदाची पुडी, पुडीवर लिही, की पायाच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओली ठेवू नकोस. आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळव. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत दडलेलं मिळालं तर लेखी कळवायचं असतं. काय मिळालं, कुठे मिळालं, कोणत्या तारखेला मिळालं. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदाही जागा विचारतो, हे मला फार आवडलं. मित्र आधी कुरकुरला, "सात ढब्बू पैशांसाठी कचेरीच्या पायऱ्या?" पण गेला. पायाचा आराखडा काढून त्यावर सात फुल्या मारून घेऊन गेला, हे त्याने मला मुद्दाम कळवलं. अजून नाणी धुतलेली नाहीत.

सरांचं नाणं मात्र दिवाळीनंतर मी कपाटातून काढलं तेव्हा त्याच्यावर फिकट हिरवे ठिपके होते. नखाने भुकटी निघाली. म्हणजे मी सातवीत लावलेलं मीठ अजून काम करत होतं. संवर्धनाचं काम करणाऱ्या एका ताईंना दाखवलं. त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्याच्या अनेक बुडव्या देऊन, पाणी पुन्हापुन्हा तपासून, त्यातलं क्लोराइड शक्य तेवढं काढलं, वाळवलं, आणि एका हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवून दिलं. "आता कोरडं ठेवा, एवढंच," म्हणाल्या. गुलाबी रंग जाऊन ते परत थोडं तपकिरी झालं आहे, पण हा तपकिरी माझ्या वयाचा, आधीचा नाही.

आणि त्यावरचं "राजा" गेलं आहे. कडेच्या उजेडातही दिसत नाही. "श्री"ची वेलांटी आहे, "शि" आहे, दुसऱ्या बाजूला "छत्र" वाचता येतं. शिवराई महाराजांनंतरही पाडल्या जात राहिल्या, पेशवाईत आणि त्याच्याही नंतर चालल्या. कोणती आधीची, कोणती नंतरची हे अक्षरांच्या वळणावरून, शब्दांच्या लिहिण्यावरून, काठाच्या टिंबांवरून ठरवतात. सरांनी त्या दिवशी वर्गात सांगितलं होतं, की "राजा"चा "जा" जरा वेगळा आहे, त्यावरून हे नाणं आधीच्या काळातलं असू शकेल, कोणाला तरी दाखवायचं आहे. दाखवायच्या आधी ते प्रदर्शनासाठी माझ्याकडे आलं.

सर, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता तुम्हा सगळ्यांकडे एक मागणं. त्या दिवशी आपण पन्नासेक जणांनी पेन्सिलने ठसे काढले होते, दोन्ही बाजूंचे. माझी सातवीची इतिहासाची वही रद्दीत गेली. पण तुमच्यापैकी एखाद्याच्या माळ्यावर, एखाद्या आईने जपून ठेवलेल्या ट्रंकेत ती वही असेल. तपकिरी कागदाचं कव्हर, आत कुठेतरी एका पानावर दोन गोल. रबराने खोडू नका, पान फाडून पाठवू नका, वहीच घेऊन या. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर उजेड कडेने घ्या.

डबी मी संमेलनाला आणते आहे.